काल जमलेली एस्प्रेसो आज का बिघडते?

सोमवारी जमली, मंगळवारी जमली आणि बुधवारी कप १३ सेकंदांतच भरला. घोट घेतला तर आंबट पाणी. बिया त्याच, ग्राइंडरचा आकडा तोच, हातही तोच. घरी एस्प्रेसो करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही बुधवारची सकाळ येते. मग घाईघाईत आपण एकदम चार गोष्टी बदलतो. दळण बारीक करतो, कॉफी थोडी जास्त घालतो, जोर लावून दाबतो, तापमानाचं बटणही वाढवतो. पुढचा कप सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबते.

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी मशीन येऊन चार वर्षं होतील. पहिलं दीड वर्ष माझं असंच गेलं. मग एक साधी सवय लागली आणि तिनेच वाट दाखवली. दुधाचा हिशोब मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिते. त्याच चौकटीत शॉटचे, म्हणजे एस्प्रेसोची एक खेप कपात उतरायला लागलेले, सेकंद लिहायला लागले. ‘१, २७’ म्हणजे एक लिटर दूध आणि २७ सेकंद. कप बिघडला की त्या आकड्याभोवती गोल. चार महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर गोल कुठेही, कसेही पडलेले नव्हते. काही बियांचं पाकीट संपत आलेल्या आठवड्यात दाटीने बसलेले होते, काही जुलैत, काही फक्त सकाळच्या पहिल्या कपाभोवती. बिघाडाला वेळ होती. तेव्हापासून कुणी त्यांच्या कपाची तक्रार सांगितली की मी आधी विचारते, केव्हा बिघडतो? कारणाकडे जायची वाट बहुतेक वेळा त्या उत्तरातूनच निघते, म्हणून पुढचं सगळं ‘केव्हा’च्या अंगाने लिहिते आहे.

आधी काटा

वजनकाटा नसेल तर पुढचं काहीच लागू पडणार नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मशीनच्या ताटलीवर कपाखाली मावेल इतका बुटका काटा घ्या. डबल बास्केटमध्ये (कॉफी भरायच्या मोठ्या चाळणीत) १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम पेय, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद, हे सुरुवातीचं माप. हलक्या भाजणीच्या बियांना मी ४० ते ४५ ग्रॅमपर्यंत जाऊ देते, गडद भाजणीच्या बियांना ३२ वरही थांबते. पण बिघाड शोधताना माप हलवायचं नाही. कॉफीचं वजन आणि पेयाचं वजन दोन्ही बांधून ठेवलं की वेळ आपोआप बोलायला लागते.

चमच्याने मोजू नका. दळण बारीक झालं की त्याच चमच्यात वेगळं वजन बसतं. कपावरच्या रेघेवरही जाऊ नका, कारण ताज्या बियांचा क्रेमा, म्हणजे वरचा फेस, इतका फुगतो की कप भरलेला दिसतो आणि काट्यावर २० ग्रॅमसुद्धा नसतात.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. बास्केट उजेडात धरून तळ बघा. सगळीभर बारीक छिद्रं दिसत असतील तर ठीक. बाहेरच्या बाजूने मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढं एकच छिद्र असेल तर ती दुहेरी तळाची बास्केट आहे. ती कॉफी कशीही असली तरी स्वतःच दाब तयार करते आणि फेस काढून देते. विकतच्या तयार पावडरीसाठी ती सोयीची आहे, पण तिच्यात दळणाची चूक दिसतच नाही. खाली लिहिलेलं सगळं एकेरी तळाच्या बास्केटसाठी आहे. खोक्यावर ‘१५ बार’ लिहिलेलं असतं, ती पंपाची कमाल ताकद. कॉफीवर हवा असतो साधारण ९ बार दाब. १९०१ साली लुइजी बेझेराने पेटंट घेतलेली मशीन वाफेच्या दाबावर चालायची. त्या दाबाला आजच्यासारखा क्रेमा येत नव्हता. तो आला मिलानच्या अकिले गाज्जियाच्या लिव्हरच्या मशीनमुळे, १९४८ मध्ये. १९६१ च्या फाएमा ई६१ ने लिव्हर ओढायचं काम पंपाकडे दिलं आणि ९ बार हे माप कायमचं बसलं.

आंबट, कडू आणि तुरट

इंग्रजीतली माहिती वाचून आपण ‘आंबट की कडू’ या दोनच पेट्यांत चव टाकायला बघतो. मराठी जिभेकडे तिसरा शब्द आहे आणि तो इथे फार कामाचा आहे: तुरट. आंबट म्हणजे लिंबासारखी, जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारी, लगेच विरणारी चव. कडू म्हणजे कारल्याची, घशात रेंगाळणारी. तुरट म्हणजे हिरडा चघळल्यावर किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते, गालांना आतून ओढ बसते, तसं. आंबट कप म्हणजे पाण्याने कॉफीतून पुरेसं काढलेलं नाही. कडू म्हणजे जास्त काढलंय. आणि एकाच घोटात आंबट आणि तुरट दोन्ही असेल तर काही भागातून जास्त आणि काही भागातून कमी निघालंय, म्हणजे पाणी सारखं गेलेलं नाही. हा तिसरा प्रकार ओळखता आला की निम्मं काम झालं.

एस्प्रेसो इतकी दाट असते की सुरुवातीला सगळंच कडू वाटतं. शॉटमधला अर्धा चमचा वाटीत घ्या, त्यात तीन-चार चमचे कोमट पाणी घाला आणि मग चाखा. चवी वेगळ्या होऊन समोर येतात.

पाकीट संपत आलं की बिघडते

माझ्या कालनिर्णयवरचे सर्वात जास्त गोल याच कारणाचे होते. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि तो दिवसेंदिवस बाहेर पडत राहतो. भाजून दोन-तीनच दिवस झाले असतील तर हा वायू शॉटमध्येच उसळतो. फेस खूप येतो, धार अडखळते, चव टोचते. आठवडा-दहा दिवस थांबलं की बिया निवतात. पुढचे तीन-चार आठवडे त्या उत्तम चालतात, पण त्या काळातही त्या एका जागी थांबलेल्या नसतात. वायू कमी होत जातो तसा पाण्याला होणारा विरोधही कमी होतो आणि तोच आकडा ठेवला तर शॉट रोज थोडा थोडा लवकर संपतो. माझ्या चौकटींमधले आकडे पाकिटागणिक असेच उतरत गेलेले होते: २९, २८, २८, २६, २४, २१. बुधवारी अचानक काही झालेलंच नव्हतं. मी फक्त बुधवारी बघितलं होतं.

उपाय सोपा आहे. पाकीट मुरत जाईल तसं दळण एक-एक बारीक पायरीने बारीक करत जायचं. माझ्या ग्राइंडरवर एका पाकिटात साधारण तीन पायऱ्या सरकतात. तुमच्यावर किती ते एक पाकीट लिहून काढलंत की कळेल. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्याच बिया घ्या. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ एवढंच छापलेलं असेल तर त्यातून वय कळत नाही. कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतल्या, आंध्रातल्या अराकूच्या बिया भाजून चार-पाच दिवसांत नाशिकला घरपोच येतात, म्हणजे मुरायचा निम्मा काळ वाटेतच जातो. एकदम किलोभर मागवण्यापेक्षा पाव-पाव किलो मागवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ओट्यावरचा डबा शेगडीपासून लांब, बंद कपाटात ठेवा, कारण उष्णतेत बिया लवकर शिळ्या होतात. फ्रिजमध्ये रोज काढ-घाल केली तर पाण्याचा दव धरतो आणि कांदा-लसणाचा वासही लागतो. जास्तच बिया आल्या असतील तर एकेका शॉटच्या पुड्या हवाबंद करून फ्रीजरमध्ये टाका आणि पुडी निघेल तेव्हा लगेच दळा.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पावडर एस्प्रेसोला वापरू नका. तिच्यात बहुधा चिकोरी असते, ती गडद रंग सोडते, चिकट होते आणि शॉटचं काहीच निदान करता येत नाही. आणि मिक्सरमध्ये दळून काही साधणार नाही. मिक्सरचं पातं बी तोडतं, त्यात पीठही असतं आणि रवाही. जातं किंवा गिरणी जसं दोन दगडांमधल्या फटीने दळणाची जाडी ठरवते, तसाच दोन बरच्या (दातेरी चकत्यांच्या) फटीतून दळणारा ग्राइंडर लागतो. पैसे कमी असतील तर मशीन साधी घ्या, ग्राइंडर चांगला घ्या. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही चालतो.

आकडा बदलला तरी फरक पडत नाही

ही तक्रार मला सर्वात जास्त वेळा ऐकू येते आणि तिच्यात ग्राइंडरचा दोष क्वचितच असतो. गिरणीत ज्वारीनंतर लगेच गहू टाकले तर पहिलं मूठभर पीठ ज्वारीचंच येतं, हे गिरणीवाले काका सांगतात आणि तेवढं बाजूला काढतात. ग्राइंडरच्या पोटातही आधीचं दळण राहतं, कधी अर्धा ग्रॅम, कधी तीन-चार. तुम्ही आकडा बारीक केलात, पण पहिल्या शॉटमध्ये जुनंच जाड दळण मिसळलं. वेळ हलली नाही. म्हणून आणखी बारीक केलंत. आता दुसऱ्या शॉटला दोन्ही बदल एकदम लागू झाले आणि मशीन तुंबली, थेंबसुद्धा पडेना. मग घाबरून पुन्हा जाड. या झोपाळ्यात पाव किलो बिया सहज जातात.

आकडा बदलला की तीन-चार ग्रॅम दळून बाजूला टाका, मग मापाचं दळा. एका शॉटमध्ये एकच पायरी. ग्राइंडर बारीककडे नेताना मोटर चालू ठेवूनच फिरवा, नाहीतर बरच्या फटीत अडकलेल्या तुकड्यांवर जोर येतो. ग्राइंडर साफ करायला तांदूळ दळायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा फार कठीण असतो, मोटरवर आणि बरवर ताण येतो. बर काढून कोरड्या ब्रशने झाडणं पुरेसं आहे.

तीनातला एखादाच कप बिघडतो

वेळ-काळ काहीच नाही, पाकीट ताजं, हवा चांगली, आणि तरी मधूनच एक कप १५ सेकंदांत धो-धो येतो. पुढचा पुन्हा २७. इथे मी बाकी सगळं सोडून बास्केटमध्ये कॉफी कशी बसते आहे ते बघते.

माझं माहेर निफाडचं. कांद्याच्या वाफ्यांना दारं धरताना वडील एक गोष्ट सतत बघत असत, बांधात कुठे उंदराचं बीळ आहे का. बीळ असलं की सगळं पाणी त्यातून पलीकडच्या वाफ्यात निघून जातं. मोटर कितीही वेळ चालू ठेवा, या वाफ्याचा एक कोपरा चिखल होतो आणि उरलेला कोरडा राहतो. बास्केटमधल्या कॉफीचं अगदी हेच होतं. ९ बारने आलेलं पाणी जिथे दळण सैल आहे तिथून वाट काढतं, ती वाट क्षणात रुंद होते आणि सगळं पाणी तिथूनच पळतं. त्या वाटेवरची कॉफी ओरबाडली जाते, म्हणून तुरट. बाकीची नुसती भिजते, म्हणून आंबट. दोन्ही चवी एकाच कपात. कॉफीच्या जगात याला चॅनेलिंग म्हणतात.

इथे सगळे एकच चूक करतात, मीही कित्येक महिने केली. शॉट लवकर आला म्हणून दळण बारीक केलं. पण कारण बीळ असेल तर बारीक दळणाने बांध आणखी घट्ट होतो आणि पाणी बिळाकडे जास्तच धावतं. ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्यासोबतच्या गणितज्ञांनी २०२० मध्ये प्रयोग आणि समीकरणं दोन्हींतून हेच मांडलं. एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केलं की कॉफीचे काही भाग तुंबतात, पाणी असमान वाहतं आणि निघणारा अर्क वाढायच्या ऐवजी घटतो. मला हे वाचून सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. कप आंबट-तुरट लागला तर मी आता उलट दोन पायऱ्या जाड करते आणि बास्केट नीट भरते. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

नीट भरणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या एस्प्रेसोत सर्वात मोठा फरक मला इथे दिसला. ग्राइंडरमधून दळण पडतं तेव्हा त्यात गुठळ्या असतात आणि मध्ये ढीग, कडेला पोकळी असते. वरून टॅम्परने (कॉफी दाबायच्या ठोकळ्याने) दाबलं की वरचा थर गुळगुळीत दिसतो, पण आतल्या गुठळ्या आणि पोकळ्या तशाच राहतात. जॉन वाइस या अमेरिकन कॉफीप्रेमीने २००५ मध्ये यावर साधा उपाय सुचवला, तो म्हणजे बारीक सुईने दळण तळापर्यंत ढवळून मोकळं करणं. मी अ‍ॅक्युपंक्चरच्या ०.३५ मिलिमीटरच्या पाच सुया नाशिकच्याच वाइनच्या बाटलीच्या बुचात खोचून घेतल्या. शिवणाच्या सुया चालत नाहीत, त्या जाड असतात आणि दळणात नांगरासारख्या तास पाडतात. आधी तळाशी गोल-गोल, मग हळूहळू वर, शेवटी पृष्ठभाग सपाट. दहा-बारा सेकंदांचं काम. त्यानंतर पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) ओट्यावर हलकेच एकदा आपटायचा, आणि टॅम्पर सरळ धरून दाबायचा.

किती जोराने दाबायचं यावर लोक वाद घालतात. पूर्ण दबल्यावर आणखी जोर लावून काही मिळत नाही. तिरकं दाबलं तर मात्र नक्की बिघडतं, कारण एक बाजू पातळ राहते आणि पाणी तिकडून जातं. कोपर टॅम्परच्या बरोबर वर असू द्या. दाबल्यानंतर पोर्टाफिल्टरच्या कडेवर टॅम्परने टकटक करायची सवय असेल तर ती सोडा, त्या धक्क्याने कॉफीची कड भिंतीपासून सुटते.

चॅनेलिंग डोळ्यांनी बघायचं असेल तर खालची चोच नसलेला, तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर मिळतो तो लावा. चांगल्या शॉटमध्ये आधी तळभर गडद थेंब येतात आणि ते मध्ये जमून एकच शेपटीसारखी धार होते. बीळ असेल तर एका बाजूने फिकट धार लवकर सुटते, कधी केसाएवढी चिळकांडी भिंतीवर उडते. माझ्या ओट्यामागच्या फरशीवर ते डाग कुठे पडतात यावरून टॅम्पर कुठल्या बाजूला कलतो ते मला कळलं. कायम डावीकडे. मी उजव्या हाताने दाबताना अंगठ्यावर भार देत होते.

दिवसाचा पहिलाच कप बिघडतो

पहिला आंबट, दुसरा बरा, तिसरा छान. हा प्रकार डिसेंबर-जानेवारीत वाढतो. त्या दिवसांत नाशिकची पहाट दहा अंशांखाली जाते, निफाडला तर त्याहून खाली, आणि रात्रभर उघड्या ओट्यावर राहिलेलं लोखंड-पितळ हाताला चटका द्यावा इतकं गार असतं. मशीनचा दिवा दोन मिनिटांत ‘तयार’ दाखवतो, पण तो फक्त आतल्या पाण्याबद्दल बोलतो. पोर्टाफिल्टर गारच असतो. कॉफीपर्यंत पाणी ९० ते ९६ अंशांवर पोचायला हवं. गार धातूने ते वाटेतच निवतं.

पोर्टाफिल्टर लावूनच मशीन चालू करा आणि बॉयलरची असेल तर १५ ते २० मिनिटं थांबा. थर्मोब्लॉकवाल्या, म्हणजे वाहतं पाणी वाटेतच तापवणाऱ्या, लहान मशीनला इतका वेळ लागत नाही. तिच्यात कॉफी न घालता दोनदा गरम पाणी सोडा, तेच पाणी कपात घेऊन कपही गरम करा. पहिल्याच कपात काल रात्रीचं ग्राइंडरमधलं शिळं दळणही येतं, म्हणून सकाळी दोन-तीन ग्रॅम दळून टाकायचे. बियांची नासाडी वाटते, मलाही वाटते. पण १८ ग्रॅमचा अख्खा शॉट मोरीत ओतण्यापेक्षा ते बरं.

लिव्हरची हातमशीन असेल आणि उकळतं पाणी वरून ओतत असाल तर लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हलक्या भाजणीला किटलीतून काढल्या काढल्या ओता, थांबू नका.

पावसाळा लागला की

ज्या आठवड्यात गोदेला पूर येऊन पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, त्या आठवड्यात माझ्या कालनिर्णयवर सलग पाच गोल आहेत. स्वयंपाकघरात पापड सादळले की बियाही सादळणारच. हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात, भरून ठेवलेल्या बिया आणि बास्केटमध्ये पडलेलं दळण दोन्ही हवेतला ओलावा घेतात. माझ्याकडे अशा दिवसांत दळण गुठळ्या धरतं आणि धार अडखळत, संथ येते, मग मला एक-दोन पायऱ्या जाड जावं लागतं. ऊन पडलं की पुन्हा मागे.

जून ते सप्टेंबर हॉपर रिकामा ठेवा. बिया घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि एका शॉटपुरत्या मोजून काढून लगेच दळायच्या. दळून ठेवून मग मशीन तापायची वाट बघायची नाही. हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट त्रास असतो. दळण विजेने भारतं, डब्याच्या भिंतींना चिकटतं, ओट्यावर उडतं आणि १८ घालून १७ हाती येतात. त्यावर उपाय म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब. चमच्याची दांडी ओली करून बिया ढवळल्या तरी पुरे. हा घरगुती तोडगा बरीच वर्षं चालत आला होता, २०२३ मध्ये हेंडन यांच्याच गटाने तो मोजून दाखवला. ओलावा असला की दळताना विद्युतभार कमी तयार होतो आणि गुठळ्याही कमी. पावसाळ्यात मात्र हा थेंब घालू नका, हवा तो आधीच घालून बसलेली असते.

पावसाचाच विषय निघाला म्हणून सांगते, मॉन्सून्ड मलबार नावाच्या बिया किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात मुद्दाम काही आठवडे ठेवलेल्या असतात. त्या फुगतात, फिक्या पडतात, आंबटपणा जवळजवळ जातो. दुधाच्या कॉफीला मला त्या फार आवडतात. पण त्यांचा आकडा बाकीच्या बियांपेक्षा वेगळा असतो, आधीच्या पाकिटाच्या आकड्यावर सुरुवात केलीत तर दोन-तीन कप जातील हे धरून चला.

महिन्या-महिन्याने हळूहळू बिघडते

हा पाण्याचा मामला. आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात आणि ते चुलीवरच्या पातेल्याला पांढरा थर धरतं. तोच थर मशीनच्या आतल्या नळ्यांत आणि तापमान मोजणाऱ्या भागावर बसतो. धार बारीक होते, तापमान चुकतं, आणि हे इतक्या सावकाश होतं की रोज पिणाऱ्याला कळत नाही.

मशीन नवी असतानाच एक मोजणी करून ठेवा: पोर्टाफिल्टर न लावता १० सेकंद पाणी सोडायचं आणि वजन करायचं. तो आकडा मशीनच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. चौथा हिस्सा कमी झाला असेल तर आत थर आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व लिटरभर पाण्यात २० ग्रॅम घालून चालतं, पण आधी मशीनची पुस्तिका वाचा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर असेल तर कंपनीचंच द्रावण वापरायला सांगतात. व्हिनेगर नको, वास दिवसेंदिवस जात नाही.

थर नको म्हणून नुसतं आरओचं पाणी घालायचा मोह होतो. त्यातही अडचण आहे. कॉफीतून चव ओढायला पाण्यात थोडे क्षार लागतात, अगदी क्षारहीन पाण्यात शॉट फिका आणि बोथट लागतो. शिवाय काही बॉयलरमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर क्षारांशिवाय पाणी ओळखतच नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) असेल तर १५० च्या आसपास आणा. मी आरओ आणि नळाचं पाणी मिसळते, आणि टँकर आला त्या आठवड्यात मीटर पुन्हा बुडवून बघते.

शॉटला खवट वास येत असेल तर ते तेल आहे. वरची जाळी स्क्रू काढून धुवा, बास्केट गरम पाण्यात भिजवा. उलट्या दाबाने धुणं फक्त तीन-मार्गी झडप (शॉटनंतर उरलेला दाब सोडून देणारी) असलेल्या मशीनलाच करायचं.

फक्त संध्याकाळी बिघडते

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी निवृत्तीनंतर मशीन घेतली. सकाळचा कप उत्तम, संध्याकाळी सहाचा आंबट आणि पाणचट, रोज. त्यांनी बिया बदलल्या, मग ग्राइंडर बदलायला निघाले होते. मी विचारलं, “काका, त्या वेळी मिक्सरचा आवाज पण बसतो का हो?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगं, ट्यूबसुद्धा उशिरा लागते.”

त्यांच्याकडे मल्टिमीटर होता. सकाळी २३२ व्होल्ट, संध्याकाळी सहाला १९८. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणजे २३० च्या जागी २०० झाले तर उष्णता जेमतेम तीन चतुर्थांश मिळते. घरच्या मशीनमधला थरथरणारा पंपही विजेवरच ताकद घेतो, त्यामुळे दाबही बसतो. पाणी कमी गरम, दाब कमी, आणि घरातले सगळे दोष मात्र बियांना. मशीनच्या वॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर त्यांनी लावला, लहान टीव्हीचा नाही, कारण हीटरच १२०० ते १५०० वॅट घेतो. तोवर मी त्यांना सांगितलं होतं, दिवा लागल्यावर दहा मिनिटं जास्त थांबा आणि शॉटच्या वेळी मायक्रोवेव्ह बंद ठेवा.

आता त्यांच्या कालनिर्णयवरही दुधाशेजारी दोन आकडे असतात, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. परवा ते खाली आले, संध्याकाळचे आकडे २८, २७, २८ असे दाखवले, आणि सकाळचा एक १९ कशाने आला असेल म्हणून विचारायला लागले. पाकीट कधी फोडलं ते आम्ही आता मागच्या पानावर शोधतो आहोत.